डेअरीचं निघालं का?

आमच्या घरात आहारशास्त्र आलं ते गोठ्याच्या दारानं. स्वयंपाकघरापर्यंत पोचायला त्याला फार वर्षं लागली. सांगवीत आमच्या दावणीला मी शाळेत असताना पाच गायी होत्या, आजही तेवढ्याच आहेत, आणि त्यांच्या खाण्याचा वडिलांना जेवढा अभ्यास आहे तेवढा मला बी.एस्सी. करूनही कधी झाला नाही. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून आम्हीही तात्याच म्हणतो. कुठल्या गाईला किती पेंड, कुणाला मुरघास मानवतो, कुणाचं पोट फुगतं, हे त्यांना तोंडपाठ. गाभण गाईचा खुराक वेगळा, व्यायलेलीचा वेगळा. ऊसतोड सुरू झाली की गोठ्यात उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ढिगानं येऊन पडायचं. पण तात्या ते तसंच गव्हाणीत टाकू द्यायचे नाहीत. आधी चुन्याची निवळी करायची, ती वाढ्यावर शिंपडायची, मगच गाईपुढं.

"वाढ्यानं हाडातला चुना जातो गाईच्या," ते सांगायचे. "आज कळत न्हाय. व्यायली की मग बसती गाय. उठत न्हाय."

ही निवळी शिंपडायचं काम माझ्याकडं होतं. मी जुन्या तांब्यानं ती शिंपडत असायची आणि गोठ्याच्या ओट्यावर आई धारा काढून झाल्यावर कालच्या भाकरीचा तुकडा कोऱ्या चहात बुडवून खात असायची. रोज सकाळी हे दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी चालायचं. मी दोन्हीकडं बघत होते. पुढं कॉलेजात शिकले की खाण्याबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, तेव्हाही मला तो ओटा आठवला नाही. परीक्षेत तो प्रश्न आला आणि मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

दुधाचं घर असलेल्या माणसांना हे समजावून सांगायला लागत नाही, पण बाकीच्यांना नवल वाटेल. आमच्याकडं दूध हे पिण्याची वस्तू नव्हतंच मुळी. दूध ही घालण्याची वस्तू होती. सकाळी डेअरीला घालायचं, संध्याकाळी डेअरीला घालायचं. धारा संपल्या की कॅन आधी भरायचे, आणि कॅनच्या तोंडाशी आल्यावर जे उरेल ते घरात. त्यातून पाहुण्यारावळ्यांचा चहा, तात्यांचा रात्रीचा पेला, आम्हा दोघा भावंडांची अर्धी अर्धी वाटी आणि विरजणापुरतं. फॅट किती लागली ह्यावर दोन्ही वेळा घरात चर्चा व्हायची. मशीनवरचा आकडा चांगला आला की तात्या खुशीत असायचे, कमी आला की सरकी पेंडीच्या दुकानदाराचा उद्धार व्हायचा. आईच्या वाट्याला काय येतं ह्यावर चर्चा झाली नाही, कारण ती दूध पीत नव्हती. तिला दूध सोसत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. तीच म्हणायची तसं. "मला न्हाय बाई सोसत, तुमी घ्या." मुलांना आईच्या बाबतीत अशा दोन-चार गोष्टी ठाऊक असतात आणि त्या तपासून बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

खरवड मात्र तिला सोसायची. चुलीवर दूध तापत असायचं, आईचा एक पाय स्वयंपाकघरात आणि एक गोठ्यात, त्यामुळं पातेलं रोज खाली लागायचं. दूध दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं की ती ते पातेलं घेऊन मागच्या दारात बसायची आणि उलथन्याच्या कडेनं बुडाला करपून चिकटलेली तांबूस खरवड खरडून काढायची. वर चिमूटभर साखर. तेवढं करताना तिचा चेहरा असा काही एकाग्र असायचा की भाऊ तिला चिडवायचा, "आई, पातेल्याला भोक पडंल." आम्ही दोघं हात पुढं करायचो, ती आम्हाला आधी द्यायची. उरेल ते तिचं.

मी पुढं शिकले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि लग्न होऊन इंदापूरला आले. खाण्याचं वेड मला इथं लागलं, आणि लागलं ते चांगलंच लागलं. कुठलाही पुडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. मागं काय छापलंय ते वाचल्याशिवाय माझ्या घरात बिस्कीटसुद्धा येत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार मला बघून पोऱ्याला नाही, स्वतःलाच मोठ्यानं सांगतो, "मॅडम आल्या, आता सगळा माल उताणा करा." नवऱ्यानं माझ्यापायी मैद्याचं नाव सोडलं, आणि तो टपरीवर जाऊन चहात बुडवून बटर खातो हे मला ठाऊक आहे, पण एवढी सवलत मी त्याला ठेवली आहे. संक्रांतीला बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतात, मी नाचणीच्या पिठाच्या पुड्या लुटते. त्यावरून माझी टिंगल होते. होऊ दे. मला ह्या विषयाचं खरंच प्रेम आहे. एका शेंगेत काय दडलंय, मूठभर तिळात काय आहे, मटकीला मोड आले की तिच्यात काय बदलतं, हे सगळं मला गोष्टीसारखं वाटतं आणि ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

म्हणून कुणी बोलावलं की मी बायकांपुढं बोलायला जाते. कळंबला एका हळदीकुंकवात मी हाडांवर बोलले होते. शेवग्याचा पाला, तीळ, नाचणी, दूध, सकाळचं ऊन. "घरात सगळ्यांचं ताट बघता, आपलं कोण बघणार?" असं मी विचारलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना एसटीत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. त्याच आठवड्यात मी माहेरी गेले होते. आईला म्हणाले, "आई, रोज कपभर दूध घेत जा." ती म्हणाली, "व्हय व्हय, घेती की." माझं समाधान झालं आणि मी भावाला त्याच्या फरसाणावरून बोलायला लागले.

माहेरी मी रिकाम्या हातानं कधी गेले नाही. एकदा दुधाचं शिट्टीचं भांडं नेलं. दुहेरी भांड्याचं, मधल्या पोकळीत पाणी घालायचं, दूध तापलं की शिट्टी होते. उतू जात नाही, खाली लागत नाही, दूध करपत नाही. वहिनी खूश झाली, कारण पातेली घासून तिच्या नाकीनऊ आले होते. आईनं भांडं हातात घेऊन फिरवून बघितलं. "खाली लागतच न्हाय?" तिनं विचारलं. "अजिबात नाही," मी अभिमानानं सांगितलं. "बरं हाय की," ती म्हणाली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई पडली. पडली म्हणजे कुठून पडली असं नाही. रिकामी बादली घेऊन ओट्यावरून वळली आणि बसली खाली. गाई बसतात तशी. खुब्याचं हाड मोडलं होतं.

बारामतीला नेलं. मी इंदापूरहून तिथं पोचले तेव्हा डॉक्टर एक्स-रे उजेडापुढं धरून भावाला दाखवत होते. तरुण डॉक्टर होते, बोलायला नीट. म्हणाले, पडल्यानं हाड मोडलं असं समजू नका, हाड आधीच मोडायच्या बेतात होतं, आतून भुसभुशीत झालंय. मग त्यांनी विचारलं, "आजी रोज दूध किती घेतात?"

तात्या पुढं होऊन म्हणाले, "पाच गायी हायेत आमच्याकडं, डॉक्टर."

हे उत्तर त्यांनी मनापासून दिलं होतं. त्यांना वाटलं, झालं, ह्याच्यापुढं काय विचारायचं राहिलं?

"ते कळलं, बाबा. आजी किती पितात?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भावाकडं बघितलं, भावानं वहिनीकडं. शेवटी वहिनी हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाईस्नी दूध सोसत न्हाय."

आई स्ट्रेचरवर डोळे मिटून पडली होती. आम्हाला वाटलं होतं ती गुंगीत आहे. तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "सोसतंय की. पुरत न्हवतं."

त्यात कुठलीही तक्रार नव्हती. उगाच चुकीचं काही लिहून घेऊ नये म्हणून तिनं ते सांगितलं असावं. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते ऑपरेशनचं बोलायला लागले. तात्या मागं सरकले, भिंतीशी टेकून उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली. मला त्या वेळी रडू आलं नाही. तोंडात मारल्यासारखं झालं आणि तो चटका अजून गेलेला नाही.

ऑपरेशन नीट झालं. आता खरी परीक्षा खाण्याची आहे, असं डॉक्टर म्हणाले. अंगात ताकद आली तर वॉकर धरून उभ्या राहतील. अंथरुणातच राहिल्या तर मग पाठीला जखमा होतात, छाती भरते, आणि ह्या वयात माणूस तिथून परत येत नाही. एवढं स्पष्ट त्यांनी सांगितलं. मी शाळेत रजा टाकली आणि सांगवीला जाऊन राहिले. मला वाटलं, हा तर माझाच विषय. आयुष्यभर जे वाचलं, जमवलं, लोकांना सांगत फिरले, ते आता माझ्या आईसाठी वापरायचं.

मी नाचणीचं सत्त्व केलं. शेवग्याचा पाला घालून मुगाचं वरण केलं. तिळाची चटणी, अंड्याची भुर्जी, खिमटीसारखा मऊ भात, खजूर दुधात भिजवून. प्रत्येकात काय आहे ते मला पाठ होतं आणि प्रत्येक वाटी तशीच परत येत होती. आई एक घास घ्यायची, माझ्या समाधानासाठी गिळायची आणि तोंड भिंतीकडं करायची. "ऱ्हाऊ दे बाय. मला न्हाय भूक." मी समजावलं, रागावले, एकदा तर लहान मुलाला भरवतात तसं नाक दाबायचं तेवढं बाकी ठेवलं. ती दिवसेंदिवस हलकी होत चालली. कूस बदलायला धरलं की हाताला नुसती हाडं लागायची, आणि ती हाडं कशी आहेत ते मी एक्स-रेत बघितलेलं होतं.

"आई, तुला काय खावंसं वाटतं ते तरी सांग. सांगशील ते करते."

ह्या प्रश्नावर ती चिडली. आजारपणात एवढीच एकदा चिडली. "मला काय इचारतीस? तुमी खाल त्येच की!"

मी वाटी घेऊन उठले. निवड करायला शिका, असं मी गावोगाव सांगत होते. ताटात काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, दुसऱ्यानं नाही. इथं एक बाई सत्तरी ओलांडून बसली होती आणि काय खावंसं वाटतं, ह्या प्रश्नात तिला कुणीतरी आपला अपमान केल्यासारखं वाटत होतं. मला त्या दिवशी माझ्या सगळ्या भाषणांची लाज वाटली.

ह्याच दिवसांत गोठ्यातली कपिली गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली. मान पोटाकडं वळवलेली, कान थंडगार. तात्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते मोटारसायकलवरून आले, मानेच्या शिरेत सुई घातली आणि तात्यांनी कॅल्शियमची बाटली हात उंच करून धरली. मी आईच्या खोलीच्या खिडकीतून बघत होते. बाटली संपता संपता गाय थरथरली, शेण टाकलं आणि थोड्या वेळानं धडपडत चक्क उभी राहिली. वासराला चाटायला लागली. डॉक्टर हात धूत होते. तात्या रिकामी बाटली हातात धरून त्यांना म्हणाले, "डॉक्टर, घरातल्या माणसाला अशी लावता येत न्हाय का वो?"

डॉक्टरांना वाटलं तात्या चेष्टा करतायत. ते हसले. तात्या हसले नाहीत. बाटली घेऊन तसेच उभे राहिले, मग खिडकीकडं बघितलं, मी दिसल्यावर नजर वळवली आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता. सबंध वेळ मी तो राग यायची वाट बघत होते, पण आला नाही. निवळी शिंपडणारी मीच होते.

खरवडीची आठवण वहिनीनं काढली. मी स्वयंपाकघरात हात टेकून बसले होते, पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं. वहिनी भांडी लावत म्हणाली, "वन्सं, रागावू नगा. पण तुमी त्ये शिट्टीचं भांडं आणलं ना, तवापास्नं आत्याबाई दुधाच्या पातेल्यापाशी येईनाशा झाल्या. पयलं रोज खरडून खायच्या."

मी माळ्यावरून जुनं पातेलं काढलं. घासलं. त्यात दूध ओतून गॅस मोठा केला आणि ढवळलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर खाण्यातली सत्त्वं वाचवा म्हणून सांगितलं, ती पातेल्यापाशी उभी राहून दूध करपायची वाट बघत होती. वास सुटला तेव्हा मला एकदम आमचं मागचं दार दिसलं. दूध ओतून घेतलं, पातेलं निवू दिलं, उलथनं आणि साखर घेऊन आईच्या उशाशी बसले आणि खरडायला लागले.

आवाजानं तिनं मान वळवली. "काय करतीस?"

"खरवड."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "तसं न्हाय. कडंनी धर उलथनं. आण हिकडं." पहिल्यांदा ती स्वतःहून उशीला टेकून उठून बसली. पातेलं मांडीवर घेतलं आणि ओळीनं, सावकाश, बूड न सोडता सगळं खरडलं. चेहरा तोच होता, एकाग्र. खरवडीवर साखर पेरली. आणि त्यातली निम्मी काढून माझ्यापुढं धरली.

"आई, तू खा गं."

"घे. मग मी खाती."

मी घेतली. मग तिनं खाल्ली, बोटं चाटली. त्या घासात किती कॅल्शियम होतं, तर नसल्यासारखंच. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडाला चव आली. खरवडीच्या मागून भाताचे चार घास जायला लागले, मग वरण, मग अंडं. आधी अंथरुणावर, मग पलंगाच्या कडेला, मग वॉकरला धरून ती उभी राहिली. आज ती त्या वॉकरनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते. गोठ्यापर्यंत काही आता ती जायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. गाईसारखं माणसाचं भरून निघत नाही. जे गेलं ते गेलं, आहे ते टिकवायचं, इतकंच हातात आहे. हे मी दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल कितीतरी वेळा सांगितलेलं आहे, आणि ते इतकं कडू असतं हे मला ठाऊक नव्हतं.

तात्यांनी त्यांच्या परीनं एक केलं. आता सकाळच्या धारा झाल्या की कॅन भरायच्या आधी पहिला पेला ते आईसाठी बाजूला काढतात. स्वतः तापवतात, स्वतः आणून देतात. पण आई तो हातात घेऊन नुसती बसते.

"डेअरीचं निघालं का?" ती विचारते.

"निघंल की. तू पी."

"निघू द्या आधी."

डेअरीचं दूध घराबाहेर पडल्याशिवाय ती ओठाला पेला लावत नाही. ओरडून झालं, हात जोडून झाले. तोवर दूध गार होतं, वर साय धरते, मग ती म्हणते आता नको, तात्यांच्या चहाला घ्या. खोटं सांगूनही बघितलं, पण तिचा कान गाडीच्या आवाजाला लागलेला असतो.

म्हणून आता माझा भाऊ सकाळी आधी मोटारसायकलला रिकामे कॅन अडकवतो, किक मारतो, दोन वेळा रेस देतो आणि घरापासून रस्त्यापर्यंत जाऊन शेजाऱ्यांच्या बांधाला गाडी बंद करून उभा राहतो. मी सुट्टीला जाते तेव्हा रोज हे बघते. गाडीचा आवाज लांब गेला की आई मान हलवते आणि दूध प्यायला लागते. तात्या दारात उभे राहून तिचा पेला रिकामा होईपर्यंत बघतात आणि मग भावाला हात करतात, की ये आता, भर कॅन.